लेकराच्या झोपेची जागल

"अकोल्याला घेऊन जा." वाशिम जिल्ह्यात लहान लेकराचं ऑपरेशन निघालं की आईबापांच्या कानावर हे वाक्य पडतंच. दोन वर्षांच्या मुलाच्या जांघेत गाठ दिसते, रडलं की फुगते, निजलं की जिरते. डॉक्टर हात लावून सांगतात, हर्निया आहे, पाऊण तासाचं काम आहे. सर्जन इथेच आहे, ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटी आहे, टेबल आहे, वर दिवा आहे. मग अकोला कशाला? मानोऱ्याच्या पलीकडच्या एखाद्या तांड्यावरून आलेल्या बापाला हा प्रश्न पडला तर नवल नाही. गरिबाचं लेकरू म्हणून डॉक्टर अंग काढून घेतायत, असंच त्याला वाटतं.

खरं कारण त्याला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. सर्जन तयार असतो, नको म्हणतो तो भूलतज्ज्ञ. रोज सिझेरियनला कमरेत इंजेक्शन देणारा, रात्री दोनला उठून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावणारा, मोठ्या माणसांच्या शेकडो भुली निभावलेला हा माणूस दहा किलोच्या लेकरापुढे थबकतो. आणि तो थबकतो तेव्हा तो बरोबर असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यात काही कमी नाही. या लेकरासाठी त्याची तयारीच कुणी करून घेतलेली नाही.

भूल म्हणजे झोपेचं औषध, असा आपला समज असतो. औषध देणं हा त्या कामाचा सगळ्यात लहान भाग. पीक भरात आलं की रोही आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर मचाणावर जागत बसतो, त्याला आपल्याकडे जागल म्हणतात. भूलतज्ज्ञाचं काम त्या जातीचं आहे. भुलीत लेकराचा श्वास, रक्तदाब, अंगाची ऊब, घशातली लाळ बाहेर ठेवणारा ठसका, सगळं काही काळ त्याचं स्वतःचं राहत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं असतं, आणि तेही क्षणभर नजर न हलवता.

मोठ्या माणसाला कितीतरी ऑपरेशनांत पूर्ण भूल लागतही नाही. आजोबांचा मोतीबिंदू डोळ्यात थेंब टाकून निघतो, हाताला टाके घालायचे तर तेवढी जागा बधिर केली की झालं. लेकराला "हलू नको" सांगून भागत नाही. जन्मजात मोतीबिंदू, मोडलेला हात जागेवर बसवणं, उकळत्या चहाने भाजलेल्या छातीचं ड्रेसिंग, कधी नुसतं एमआरआय. मोठ्यांसाठी जे बोलत बोलत उरकतं, त्याला लेकरासाठी पूर्ण भूल लागते. म्हणजे ज्याला भूल देणं अवघड, त्यालाच ती जास्त वेळा द्यावी लागते.

अवघड का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती असती तर औषधाचा डोस वजनाप्रमाणे कमी केला की काम झालं असतं. पण लेकराचा संसारच वेगळा चालतो. मोठा माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. तान्हं बाळ ६ ते ८. खर्च दुप्पट, आणि छातीत साठवण मात्र तोकडी, कारण बाळाच्या फासळ्या मऊ असतात आणि भुलीत फुफ्फुसं लवकर मिटतात. निरोगी मोठ्या माणसाला आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन मग श्वास थांबवला, तर रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीला यायला सहा-आठ मिनिटं मिळतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हाती असतं मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात श्वासनळीत ट्यूब गेली पाहिजे, नाही तर मास्कने श्वास देता आला पाहिजे. पहिला प्रयत्न चुकला आणि हात थरथरला, तर दुसऱ्या प्रयत्नाला सवड नसते.

ती ट्यूब घालायची वाटही वेगळी. बाळाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र मोठ्या माणसापेक्षा वर, त्यावरची झडप लांब आणि लवचीक, आणि डोकं इतकं मोठं की उशी डोक्याखाली ठेवण्याऐवजी खांद्याखाली घडी ठेवावी लागते. नवजात बाळाची श्वासनळी जेमतेम ४ मिलिमीटरची. दोनदा ट्यूब घासली गेली आणि सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, की उरली २ मिलिमीटर, म्हणजे हवेची वाट चौथाईवर आली. एवढीच सूज मोठ्या माणसाला आली तर त्याचा घसा खवखवेल, इतकंच. म्हणून ट्यूब अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, आणि कोणती घ्यायची याचा एक जुना ठोकताळा आहे: वयाला चाराने भागा, त्यात चार मिळवा. चार वर्षांच्या मुलीला ५ नंबरची. तरी वरची एक आणि खालची एक हाताशी हवीच.

रक्ताचं गणित मला सगळ्यात जास्त हादरवणारं वाटतं. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळात अडीचशे मिलिलिटरच्या आत, म्हणजे पाण्याचा एक पेला. त्यातले पाच चमचे सांडले तर दहा टक्के रक्त गेलं. टेबलावर रक्ताचं थारोळं दिसत नाही. दोन-तीन भिजलेले बोळे दिसतात. ज्याची नजर मोठ्या माणसांच्या ऑपरेशनवर तयार झालीय, त्याला त्या बोळ्यांत काही विशेष वाटत नाही. आणि आपल्याकडे हा पेला मुळातच पातळ असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. फाटलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन पिढ्यान्‌पिढ्या एक दहाचा नियम सांगत आलेत: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १० ग्रॅम. यातली पहिली अट आपोआप पूर्ण होते. उरलेल्या दोन अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर आणि आईच्या ताटावर ठरतात. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. तो आजार असलेल्या लेकराला भुलीत थंडी, तहान किंवा ऑक्सिजनची कमतरता, यातलं काहीही सोसत नाही. ऑपरेशनआधी सिकलसेलची तपासणी व्हायलाच हवी.

आता सर्दीबद्दल. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी विचारतो, "सर्दी-खोकला आहे का?" आई सांगते, "सर्दी त हायच थोडी, पन खेळते चांगला." खेळतो हे खरंच असतं. पण सर्दी झालेल्या घशाच्या नसा चिडलेल्या असतात. भूल हलकी असताना लाळेचा एक थेंब स्वरतंतूंवर पडला तरी ते घट्ट मिटून बसतात. छाती वरखाली होते, पोट आत ओढलं जातं, पण हवा आत जात नाही आणि आवाजही येत नाही. लॅरिंगोस्पाझम म्हणतात याला. मास्क घट्ट धरून शुद्ध ऑक्सिजनचा हलका दाब, जबडा पुढे, भूल खोल करणं, आणि तरी उघडलं नाही तर स्नायू सैल करणारं औषध. हे सगळं अर्ध्या मिनिटात. ज्याने हे दहादा पाहिलंय तो मुकाट्याने करून मोकळा होतो, बाकीच्यांना कळतही नाही. पहिल्यांदाच पाहणाऱ्याची ती तीस सेकंदं कशी जातात, याची कल्पना करा. त्यात लेकराचं हृदय असं, की ऑक्सिजन कमी पडला तर धावत सुटण्याऐवजी मंदावतं, आणि बाळाच्या हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायची सोय फार नसते. ठोके कमी झाले की पुरवठाच कमी झाला.

लहान ऑपरेशनला लहान भूल असते, हा समज मोडणारी गोष्ट भूलशास्त्राच्या अगदी सुरुवातीलाच घडली. १८४८ च्या जानेवारीत, क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना दगावली. क्लोरोफॉर्मखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. त्यानंतर चाळीस वर्षं वाद चालला की क्लोरोफॉर्म श्वास आधी थांबवतं की हृदय, आणि त्या वादातला मोठा अध्याय आपल्या शेजारी लिहिला गेला. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. तेव्हा आपला 'बासिम', म्हणजे वाशिम, हा वऱ्हाडातला जिल्हा होता आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच, कारभार तेवढा इंग्रजांकडे. त्या हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी नावाची पारशी तरुणी, या कमिशनांमागचे डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या हाताखाली क्लोरोफॉर्म द्यायला शिकली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतलं जातं. लॉरींचा निष्कर्ष होता की नाडी राहू द्या, श्वासावर नजर ठेवा. क्लोरोफॉर्म हृदयालाही मारतं, हे पुढे सिद्ध झालं आणि ते अर्धे चुकले. पण लेकरांच्या भुलीपुरता त्यांचा आग्रह आजही मोलाचा आहे, कारण लेकरांत श्वासाचा घोटाळा वेळेवर सापडला नाही, की बघता बघता तो हृदयावर जातो.

आणखी एक इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत, अगदी पुढारलेल्या देशांतही, कमी दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं अनेकदा जवळजवळ वेदनाशमनाशिवाय होत. स्नायू सैल करणारं औषध द्यायचं, थोडा नायट्रस ऑक्साइड, बस. बाळ हलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, आणि तसंही त्याच्या कोवळ्या मेंदूला वेदना कळत नसणार, असा हिशेब होता. तेवढ्या नाजूक जिवाला भारी औषधं झेपणार नाहीत ही भीतीही होती आणि ती अगदी खोटी नव्हती. हा समज मोडला तो इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंह आनंद यांनी. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायच्या ऑपरेशनात त्यांनी काही बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना नेहमीचीच पद्धत ठेवली, आणि रक्तातली तणावाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांचा ताण कितीतरी कमी होता आणि ऑपरेशननंतरचे घोटाळेही कमी. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या ओट्या बदलल्या. बाळाला दुखतं, हे कोणत्याही आजीला ठाऊक होतं. ते कागदावर मांडायला १९८७ उजाडावं लागलं.

आता आपल्याकडच्या शिक्षणाकडे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा दोन वर्षांची पदविका करून डॉक्टर भूलतज्ज्ञ होतो. अभ्यासक्रमात लहान मुलांची भूल असते. पण हात किती वेळा फिरला, हे त्या रुग्णालयात बालशल्यविभाग किती चालतो यावर ठरतं. मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच उभं आहे. अशा ठिकाणी महिनाभर घालवलेला विद्यार्थी आणि मुख्यतः सिझेरियन, हाडं आणि अपेंडिक्सवर वाढलेला विद्यार्थी, दोघांच्या हाती पदवी सारखीच येते. शिवाय शिकलेलं राहत नाही. जिल्ह्यात आल्यावर महिन्याला एखादं लेकरू टेबलावर आलं तर हात बुजतो, मग तो लेकरं घेणं टाळतो, टाळल्याने हात आणखी बुजतो. ही विहीर अशीच आटत जाते.

सरकारने भूलतज्ज्ञांच्या टंचाईवर एक उपाय केला, आणि तो चांगलाच होता. प्रसूतीत माता दगावू नयेत म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना 'लाइफ सेव्हिंग ॲनेस्थेटिक स्किल्स'चं, मुळात १८ आठवड्यांचं, प्रशिक्षण देऊन सिझेरियनपुरती भूल शिकवली. यात आयांचे जीव वाचले. पण त्या आईच्या पोटातून आलेल्या लेकराला पुढे दोन वर्षांनी हर्निया झाला, तर त्याच्यासाठी तशी काही सोय झाली नाही. दुसरीकडे २०१३ साली, आपल्याच राज्यात पालघरहून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासतात. फाटलेले ओठ, वाकडी पावलं, जन्मजात मोतीबिंदू, हृदयातली छिद्रं शोधून काढतात. शोधण्याचं काम दारापर्यंत आलं. ऑपरेशनचे पैसे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निघू शकतात. मधली कडी, लेकराला निर्धास्त भूल देणारा माणूस, ती मात्र ऐंशी किलोमीटरवरच्या अकोल्यातच राहिली.

हे दुखणं काही वाशिमचं एकट्याचं नाही. जगातली सुमारे १७० कोटी मुलं वेळेवर, परवडेल अशा शस्त्रक्रियेपासून दूर आहेत, असा अंदाज २०१९ साली मांडला गेला. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने दर लाख लोकसंख्येमागे किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत असं म्हटलंय. त्यांच्या पाहणीत ७७ देश त्याच्या खाली निघाले. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. म्हणजे या हिशेबाने एकट्या वाशिमला साठ भूलतज्ज्ञ लागतील. जो जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला आणि वीस वर्षांनी देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, त्याने साठाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. जे आहेत त्यांचं काय करता येईल, हाच खरा विचार.

आणि इथे एक उमेद देणारी गोष्ट आहे. युरोपातल्या ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांत तीस हजारांवर मुलांच्या भुलीचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. इतक्या श्रीमंत देशांतसुद्धा शंभरातल्या पाच मुलांना भुलीत काहीतरी गंभीर घडलं. पण धोका कशाने कमी होतो, हे पाहताना रुग्णालय मोठं की छोटं याला फारसं महत्त्व उरलं नाही. महत्त्व निघालं ते चमूतल्या सगळ्यात ज्येष्ठ भूलतज्ज्ञाच्या अनुभवाला; अनुभवाचं एकेक वर्ष वाढलं की श्वासाचे गंभीर प्रसंग जवळपास एकेक टक्क्याने उतरत गेले. मला यात वाशिमची बाजू दिसते. इमारत नागपूरएवढी नसली तरी चालेल, हात तयार पाहिजेत. आणि हात तयार करता येतात.

कसे, याचा एक नमुना 'सेफ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासवर्गाचा आहे. जागतिक महासंघ आणि ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेने तो गरीब देशांसाठी तयार केला. मुलांच्या भुलीचा त्यांचा वर्ग तीन दिवसांचा असतो. भाषणं कमी, पुतळ्यावर हात जास्त: ट्यूब घाला, श्वास अडकला तर काय, ठोके पडले तर काय, वेदनेचं काय. आपल्याच देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परदेशांतले भूलतज्ज्ञ मुलांची भूल शिकायला येतात. तीन दिवसांनी कुणी निष्णात होत नाही, हे खरंच. पण त्या तीस सेकंदांत हात कुठे जावा, हे तीन दिवसांत अंगात भिनू शकतं. त्याला जोड हवी ती वर्षातून पंधरा दिवस अकोला, नागपूर किंवा सेवाग्रामच्या ओटीत, टेबलाच्या डोक्याशी उभं राहून, खऱ्या लेकरांवर, अनुभवी हाताच्या देखरेखीत. आणि शिकायला एकट्याने जाऊन भागणार नाही. मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाच्या बाजूला दुसरा डॉक्टर किंवा तंत्रज्ञ असतो. इथे असते ती ओटीतली सिस्टर. जबडा धरायचा कसा, सक्शन कधी पुढे करायचं, १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये औषध किती पातळ करून भरायचं, हे तिला येत असेल तर भूलतज्ज्ञाला दोन हात जास्त मिळतात. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. तो दुसऱ्या डोळ्यांनी पाहिला जाणं हाच त्यावरचा इलाज.

यंत्रांबद्दल फार बोलणार नाही, कारण लागणारं सामान महागडं नाही. मुलांच्या भुलीत जगभर वापरली जाणारी टी-आकाराची नळी फिलिप एअर यांनी १९३७ साली तयार केली, तिला १९५० मध्ये जॅक्सन रीस यांनी मागे एक पिशवी जोडली. झडप नाही, काही बिघडायला नाही. पिशवीवरच्या बोटांना लेकराचा श्वास कळतो. पाठीच्या शेवटी, माकडहाडाजवळ दिलेलं एक कॉडल इंजेक्शन हर्नियाच्या लेकराला ऑपरेशननंतर कित्येक तास दुखू देत नाही आणि भूलही कमी लागते. छातीवर चिकटपट्टीने लावलेला साधा स्टेथोस्कोप ठोका आणि श्वास दोन्ही ऐकवतो. अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. इंडेंटमधून, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रातून, मोठ्यांच्या मापाचं सामान येतं, आणि रात्री लागते नेमकी साडेतीन नंबरची ट्यूब किंवा शून्य नंबरचा मास्क. लहान मुलांच्या सामानाचा एक वेगळा डबा, आठवड्याला मोजून भरलेला, एवढंच हवंय.

पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट मात्र सांगतो, कारण ती फिरून वऱ्हाडात येते. बोटाला लावायचा हा चिमटा जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर चालतो. लेकराचे ओठ निळे दिसायच्या आधी तो सांगतो की ऑक्सिजन उतरतोय. सावळ्या कातडीवर निळेपणा डोळ्यांना उशिरा दिसतो, तिथे याची किंमत आणखी. तरीही २०१० साली हिशेब निघाला की जगातल्या ७७ हजारांवर ओट्यांत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी वाचायची जी तपासणी-यादी काढली, तिच्यात ऑक्सिमीटर लावला आणि चालू आहे ना, हा प्रश्न आहे. ती यादी करणाऱ्या चमूचे प्रमुख अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे, म्हणजे वाशिमच्या शेजारघरचे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. पुढे २०११ साली त्यांनी इतरांसोबत 'लाइफबॉक्स' ही संस्था काढली, ती गरीब देशांच्या ओट्यांत ऑक्सिमीटर आणि ते वापरायचं शिक्षण पोचवते.

काही लेकरं मात्र मोठ्या रुग्णालयातच गेली पाहिजेत, प्रशिक्षण कितीही झालं तरी. श्वासनळीत दाणा अडकलेलं लेकरू त्यातलं पहिलं. आपल्या घरांत शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाच्या बिया कायम जमिनीवर असतात, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नसतात. दाणा आत गेला की तो दुर्बिणीने काढायचा. सर्जनची दुर्बीण आणि भूलतज्ज्ञाचा ऑक्सिजन एकाच बारक्या नळीतून जाणार. बालभूलशास्त्रातल्या सगळ्यात कठीण कामांत याची गणना होते. खेळता खेळता एकाएकी जोरात ठसका लागला आणि मग ठसका थांबूनही छाती एका बाजूला वाजत राहिली, तर खोकल्याचं औषध देत आठवडा घालवू नका. आणि तीन-चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती अख्खा शेंगदाणा देऊ नका. जन्मतःच अन्ननलिका बंद असलेलं किंवा शौचाची जागा नसलेलं बाळही नागपूरचंच. त्याला नेताना सगळ्यात आधी ऊब जपायची, छातीशी धरून, टोपी घालून. गार पडलेल्या बाळाला ना श्वास नीट घेता येतो ना भूल उतरवता येते.

आईबापांच्या हातातही बरंच आहे. "डॉक्टरसाहेब, उपाशीच हाय, लय रडत होता म्हनून दोन बिस्किटं देल्ली," हे वाक्य ओटीच्या दारात ऐकू येतं तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलण्यावाचून मार्ग नसतो, कारण भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. जेवण, बिस्कीट, गाईचं दूध सहा तास आधी बंद. आईचं दूध चार तास आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, कित्येक ठिकाणी आता एक तासापर्यंत देतात. याच्या उलटही घडतं: आदल्या रात्री आठला जेवलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टेबलावर जातं, मे महिन्यात, तोंड सुकलेलं, साखर उतरलेली. रुग्णालयांनी लेकरांचा नंबर सकाळी पहिला लावावा, आणि आईबापांनी पाण्याबद्दल न लाजता विचारावं. भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का, असंही सगळे विचारतात. सात देशांत सातशेवर तान्ह्या बाळांना हर्नियाच्या ऑपरेशनासाठी एक तर पूर्ण भूल किंवा जागेपणी कमरेतलं इंजेक्शन दिलं गेलं. पाचव्या वर्षी दोन्ही गटांची बुद्धी सारखीच भरली. तासाभराच्या एका भुलीची भीती बाळगू नका. तीन वर्षांच्या आत वारंवार किंवा तीन तासांच्या वर भूल लागणार असेल, तर मात्र डॉक्टरांशी नीट बोला. आणि सर्दी असेल तर ती लपवू नका, तारीख गेली तरी चालेल.

वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या ज्या दहा कॉलेजांचं एकत्र उद्घाटन झालं, त्यात शेजारचं हिंगोली आणि बुलडाणाही होतं. हे मोठं काम झालं आहे, याचा मनापासून आनंद आहे. पण हिशेब मांडून बघा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष. पहिली तुकडी बाहेर पडेल २०३० मध्ये. त्यातलं कुणी लगेच भूलशास्त्राच्या एमडीला गेलं तर २०३३. कॉलेज सुरू झालं तेव्हा दोन वर्षांचं असलेलं लेकरू तोवर अकरा वर्षांचं होईल, आणि लेकराचा हर्निया अडकून बसायला एक रात्र पुरते. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला माझी कळकळीची विनंती आहे: आज वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरला जे भूलतज्ज्ञ आहेत, त्यांना याच वर्षापासून पंधरा-पंधरा दिवसांसाठी मुलांच्या ओटीत पाठवा, आणि प्रत्येकासोबत एक सिस्टर पाठवा.